मुलांच्या डेंटिस्टचं ‘बोर्ड सर्टिफिकेट’: ते मिळतं कसं आणि टिकवावं का लागतं?

अमेरिकेत मुलासाठी डेंटिस्ट शोधायला बसलेल्या मराठी पालकांसमोर इन्शुरन्स कंपनीची यादी उघडते आणि गोंधळ सुरू होतो. एकाच्या नावापुढे ‘डीडीएस’, दुसऱ्याच्या ‘डीएमडी’. कुणी ‘पीडियाट्रिक डेंटिस्ट’, कुणी ‘बोर्ड सर्टिफाइड’, कुणी ‘डिप्लोमेट’. एखाद्या दवाखान्याच्या पाटीवर नुसतंच ‘किड्स डेंटल’. यातलं कायद्याने काय लागतं, ऐच्छिक काय आणि जाहिरातीपुरतं काय, हे पाटी वाचून कळत नाही. त्यात हे सर्टिफिकेट ठरावीक काळाने रिन्यू करावं लागतं असं समजलं, की आणखी एक प्रश्न उभा राहतो: एकदा डॉक्टर झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा कसली परीक्षा?

या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या दातांपुरतं तरी अगदी ठोस देता येतं. औषधांचे डोस, भूल देण्याचे नियम, पडलेल्या दातावरचे उपचार हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांत बदललं आहे. म्हणून सर्टिफिकेट कधी मिळालं हे विचारण्याबरोबरच ते आज चालू आहे का, हेही विचारायला हवं.

## पदवी, परवाना आणि बोर्ड

‘डीडीएस’ आणि ‘डीएमडी’ या एकाच शिक्षणाच्या दोन पदव्या आहेत. काही विद्यापीठं पहिली देतात, काही दुसरी. अभ्यासक्रम तोच, साधारण चार वर्षांचा. पदवीनंतर ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या डेंटल बोर्डाचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याशिवाय दाताला हात लावता येत नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो हा परवाना. तो असलेला कुठलाही डेंटिस्ट मुलांवरही उपचार करू शकतो.

मुलांच्या दातांचा तज्ज्ञ व्हायचं असेल तर पदवीनंतर किमान २४ महिन्यांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णांवर उपचार करत घ्यायचं विशेष प्रशिक्षण, करावी लागते. ती ‘कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशन’ या संस्थेने मान्य केलेली असावी लागते. या काळात तान्ह्या बाळापासून किशोरवयापर्यंतची मुलं, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, हृदयविकार असलेली मुलं, पूर्ण भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये करायचे उपचार, पडून-आपटून तुटलेले दात असं सगळं हाताखालून जातं. रेसिडेन्सी पूर्ण केलेली व्यक्ती पीडियाट्रिक डेंटिस्ट झाली. इथवर बोर्डाचा संबंध आलेला नाही.

बोर्ड म्हणजे ‘अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्री’. आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीत त्याचं कार्यालय आहे. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या १२ विशेष शाखांना मान्यता आहे आणि त्यातल्या मुलांच्या शाखेसाठी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी मान्यताप्राप्त संस्था हीच. बोर्डाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला ‘डिप्लोमेट’ म्हणतात. ‘बोर्ड सर्टिफाइड’ आणि ‘डिप्लोमेट’ यांचा अर्थ एकच.

नावाच्या साधर्म्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो. ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्री’ ही वेगळी संस्था आहे. १९४७ साली स्थापन झालेली ही व्यावसायिकांची संघटना मार्गदर्शक सूचना काढते, परिषदा भरवते, नियतकालिक चालवते. ॲकॅडमीचं सभासदत्व वर्गणी भरून मिळतं आणि ते सर्टिफिकेट नव्हे. भिंतीवर ॲकॅडमीचं मानचिन्ह दिसलं म्हणून डॉक्टर बोर्ड सर्टिफाइड आहेत असं धरून चालू नये.

गाडीची कागदपत्रं आठवली तर हा फरक लक्षात राहील. आरसी बुकावरून गाडी रीतसर नोंदलेली आहे एवढं कळतं. पीयूसीवर मात्र तारीख असते, आणि ती उलटून गेली की कागद हातात असूनही पीयूसी नाहीच. बोर्डाचं सर्टिफिकेट पीयूसीच्या जातीचं आहे. फरक एवढाच, की पीयूसी सक्तीची आहे आणि बोर्ड ऐच्छिक.

## सर्टिफिकेट मिळतं कसं

परीक्षा दोन. पहिली संगणकावरची, बहुपर्यायी प्रश्नांची. दुसरी तोंडी, आणि खरा कस तिथे लागतो. परीक्षक एखाद्या मुलाची केस समोर ठेवतात: वय, वजन, आजार, फोटो, एक्स-रे. तीन गोष्टी पाहिल्या जातात. माहिती गोळा करून निदान करता येतं का, उपचारांची आखणी करता येते का, आणि ठरवलेलं बिनसलं तर पुढे काय करायचं ते कळतं का.

समजा, केस अशी आहे. चार वर्षांचं मूल, वजन १५ किलो, खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडलेल्या. एकाच भेटीत दोन्ही बाजू बधिर करायच्या का? लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मुलांसाठीची कमाल मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. १५ किलोंना ६६ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधाच्या १.७ मिलीच्या एका काडतुसात (इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये घालायची औषधाची नळी) ३४ मिलिग्रॅम लिडोकेन असतं. म्हणजे दोन पूर्ण काडतुसं दिली तर ६८ मिलिग्रॅम झाले, मर्यादा ओलांडली गेली. मोठ्या माणसाला सहज देता येणारी दोन इंजेक्शनं या मुलाला जास्त होतात. शिवाय गुंगीचं औषधही द्यायचं असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते, कारण दोन्ही औषधं मेंदूचं काम मंदावतात आणि तो परिणाम एकत्र होतो.

मग परीक्षक केस वळवतात. या मुलाला हृदयाची कृत्रिम झडप आहे. आता दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागेल. अमॉक्सिसिलिन, किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ७५० मिलिग्रॅम, उपचाराच्या ३० ते ६० मिनिटं आधी. आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर? २०२१ च्या आधी पुष्कळ जण ‘क्लिंडामायसिन’ असं उत्तर देत आणि ते बरोबर ठरे. आज ते चुकीचं आहे. सर्टिफिकेट टिकवण्याचा सगळा मुद्दा याच एका प्रश्नात सापडतो.

## एकदा पास झालं की पुरे का होत नाही

एखाद्या डॉक्टरांनी २०१२ साली उत्तम गुणांनी बोर्ड पूर्ण केलं आणि त्यानंतर वाचन थांबवलं, असं धरू. त्यांचे हात तेवढेच कुशल, स्वभाव तेवढाच प्रेमळ. तरी आज त्यांच्या हातून काय काय चुकेल?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये हृदयाच्या रुग्णांसाठीच्या सूचना सुधारल्या आणि क्लिंडामायसिन यादीतून काढलं. या औषधाच्या एकाच डोसनेही आतड्याचा गंभीर संसर्ग होऊ शकतो, हे त्यामागचं कारण. आता ॲलर्जी कोणत्या प्रकारची आहे ते पाहून सेफॅलेक्सिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारखे पर्याय निवडतात. २०१२ वर थांबलेल्या डॉक्टरांना हे माहीत नसेल.

वेदनाशामकांचंही तसंच. दात काढल्यावर मुलांना कोडीन देण्याची पद्धत होती. काही मुलांचं शरीर आनुवंशिक कारणाने कोडीनचं मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करतं आणि श्वास मंदावतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असा इशारा दिला. ट्रॅमाडॉललाही तीच वयोमर्यादा लागली. दात येताना हिरडीला चोळायच्या बेन्झोकेन जेलबद्दल २०१८ मध्ये ताकीद आली: दोन वर्षांखालच्या बाळांना लावू नका, कारण क्वचित प्रसंगी रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते.

किडीच्या उपचारांत तर वाटच बदलली. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा द्रव किडलेल्या भागावर लावला की कीड बहुतेक वेळा तिथेच थबकते, ड्रिलही लागत नाही आणि इंजेक्शनही. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये परवानगी मिळाली ती दात शिवशिवण्यावरचा उपाय म्हणून. कीड थांबवण्यासाठी वापरण्याबद्दल ॲकॅडमीची मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये आली. दोन वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला पूर्ण भूल देणं टाळता येतं किंवा पुढे ढकलता येतं, हा त्याचा मोठाच फायदा. पण त्याला एक बाजू आहे: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांवर लावण्याआधी काळ्या पडलेल्या दातांचे फोटो पालकांना दाखवून संमती घ्यावी लागते. हे राहून गेलं की आठवडाभराने चिडलेले आईवडील दवाखान्यात उभे राहतात, आणि चूक त्यांची नसते.

चांदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या मिश्रधातूचं फिलिंग सहा वर्षांखालच्या मुलांत शक्यतो टाळा, असा सल्ला अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. त्याच वर्षी दातांच्या दुखापतींच्या आंतरराष्ट्रीय सूचना नव्याने आल्या. मुळासकट बाहेर पडलेला कायमचा दात मुकुटाकडून धरायचा, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या भागाकडून. मुळाला हात लावायचा नाही. माती असेल तर हलकं धुऊन तिथल्या तिथे खोबणीत परत बसवायचा, ते जमत नसेल तर दुधात ठेवून डॉक्टर गाठायचे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होते. पूर्ण वाढलेल्या मुळाच्या दाताचं रूट कॅनल किती दिवसांत सुरू करायचं, याची मुदत जुन्या सूचनांत ७ ते १० दिवस होती, नव्यात दोन आठवड्यांच्या आत अशी झाली.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांच्या एक्स-रेसाठी शिशाचा एप्रन आणि गळ्याची पट्टी सरसकट वापरणं थांबवा असं सांगितलं. आजच्या यंत्रांचा किरणांचा झोत नेमका असतो, आणि एप्रन मध्ये आला की एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. एप्रन घातला नाही म्हणून धास्तावलेल्या पालकांना हे शांतपणे समजावणंही डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे.

हे सगळं बारा वर्षांतलं. मोठा रुग्ण निदान म्हणू तरी शकतो, ‘डॉक्टर, मागच्या वेळी या गोळीने मला गरगरलं होतं.’ तीन वर्षांच्या मुलाला तेही सांगता येत नाही.

## टिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं

नूतनीकरणाचे चार भाग आहेत.

पहिला, व्यावसायिक पत. परवाना चालू आहे ना, राज्याच्या बोर्डाने काही कारवाई केलेली नाही ना. इथे काही शिकायचं नसतं, पण कारवाई झालेली असेल तर सर्टिफिकेटवर थेट परिणाम होतो.

दुसरा, निरंतर शिक्षण. परिषदा, व्याख्यानं, ऑनलाइन अभ्यासक्रम यांचे तास आणि स्वतःची चाचणी. किती तास, त्यातले कोणत्या विषयाचे, हे बोर्ड वेळोवेळी बदलत असतं, म्हणून चालू वर्षाची नियमावलीच प्रमाण मानायची. माझ्या मते चारांतला हा सर्वांत कमजोर भाग. सभागृहात बसल्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण बसलेल्या माणसाने दवाखान्यात परत जाऊन काही बदललं का, हे त्यातून कळत नाही.

तिसरा, ज्ञानाची परीक्षा. अमेरिकेतल्या वैद्यकीय बोर्डांमध्ये गेल्या काही वर्षांत इथे मोठा बदल झाला आहे. पूर्वी दहा वर्षांनी एकदा केंद्रावर जाऊन मोठी परीक्षा द्यायची असा रिवाज होता. आता थोडे थोडे प्रश्न सतत सोडवत राहण्याकडे कल आहे. बालरोगतज्ज्ञांच्या बोर्डाने २०१९ पासून दर तिमाहीला प्रश्न पाठवण्याची पद्धत आणली. शिकण्याच्या दृष्टीने ही पद्धत चांगली आहे. दहा वर्षांनी तीन महिने घोकून दिलेली परीक्षा पुढच्या वर्षी विसरली जाते. महिन्या-दोन महिन्यांनी सोडवलेला प्रश्न चुकला, की उत्तर तिथल्या तिथे वाचलं जातं आणि डोक्यात राहतं.

चौथा भाग म्हणजे स्वतःच्या कामाचं मोजमाप. याकडे कटकट म्हणून पाहिलं जातं, पण मुलांना खरा फायदा इथे होतो.

ते कसं करायचं, हे एका उदाहरणाने पाहू. एकच प्रश्न निवडायचा: गुंगीचं औषध देण्याआधी मुलाचं वजन त्याच दिवशी, किलोमध्ये मोजून कागदावर लिहिलं होतं का? अमेरिकेत वजन पौंडांत सांगतात आणि डोस किलोवर ठरतो. १५ किलोच्या मुलाचं वजन ३३ पौंड होतं. कुणी घाईत ‘३३’ एवढंच लिहिलं आणि पुढच्या माणसाने ते किलो समजलं, तर डोस सव्वादोन पटीच्या आसपास जातो. लिडोकेनची मर्यादा ६६ मिलिग्रॅमऐवजी १४५ निघते. ही चूक हुशार, अनुभवी माणसांकडूनही होते, कारण ती ज्ञानाची नाही, लिहिण्याच्या पद्धतीची आहे.

आता गेल्या काही महिन्यांतल्या २० केसपेपरांचा गठ्ठा घ्यायचा. ओळीने लागतील तेच २० घ्यायचे. चांगले वेचले तर मोजमापाला अर्थ उरत नाही. प्रत्येकावर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’. समजा, १३ ठिकाणी आहे आणि सात ठिकाणी नाही. मग त्या सातांचं कारण शोधायचं. वजनकाटा दुसऱ्या खोलीत आहे? सहायक मागच्या भेटीचं वजन उतरवतात? काटा पौंडांवर लावलेला आहे? कारण सापडलं की एकच बदल करायचा: काटा किलोवर कायमचा लावायचा आणि वजनाचा रकाना रिकामा असेल तर औषधाची चिठ्ठी पुढे जाऊ द्यायची नाही. तीन महिन्यांनी आणखी २० केसपेपर काढून पुन्हा मोजायचं. आकडा १३ वरून १९ वर गेला तर बदल लागू पडला. १४ वरच अडकला तर कारण चुकीचं शोधलं होतं.

असंच मोजमाप कशाचंही करता येतं. किडीचा धोका किती आहे याची नोंद प्रत्येक मुलाच्या कागदावर आहे का. तीन वर्षांखालच्या मुलाच्या पालकांना फ्लोराइड पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, हे सांगितल्याची नोंद आहे का. एक प्रश्न, थोडे कागद, एक बदल, पुन्हा मोजणी. पन्नास गोष्टी एकदम मोजायला गेलं की काहीच पूर्ण होत नाही.

## घोडं पेंड कुठे खातं

सर्टिफिकेट गमावण्याची कारणं बहुतेक वेळा ज्ञानाशी संबंधित नसतात. डॉक्टरांनी नोकरी बदलली, जुन्या दवाखान्याचा ईमेल बंद झाला आणि बोर्डाची स्मरणपत्रं तिथेच जात राहिली. वार्षिक शुल्क राहून गेलं. ॲकॅडमीची वर्गणी भरली म्हणजे बोर्डाचंही काम झालं असा समज करून घेतला. अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं फोनमध्ये इकडेतिकडे पडलेली, मागणी झाली तेव्हा सापडली नाहीत. राज्य बदललं, नवा परवाना घेतला, पण बोर्डाकडची नोंद जुनीच राहिली.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. वैयक्तिक ईमेल बोर्डाला द्यायचा. एकच फोल्डर ठेवायचा आणि अभ्यासक्रम संपला त्याच दिवशी प्रमाणपत्र त्यात टाकायचं, नावात तारीख, विषय आणि तास लिहून. वर्षाच्या मध्यावर एकदा बोर्डाच्या खात्यात जाऊन चारही भाग कुठवर आलेत ते पाहायचं, डिसेंबरची वाट पाहायची नाही. मुलांच्या जीवरक्षणाचं ‘पाल्स’ प्रशिक्षण दोन वर्षांनी संपतं. ती तारीख परवान्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी, कारण भूल देण्याच्या परवानगीसाठीही ते विचारलं जातं.

मुदत गेली तर परवाना जात नाही, दवाखानाही चालू राहतो. पण ‘बोर्ड सर्टिफाइड’ आणि ‘डिप्लोमेट’ हे शब्द पाटीवरून, लेटरहेडवरून, वेबसाइटवरून काढावे लागतात. काही रुग्णालयं ऑपरेशन थिएटर वापरू देण्यासाठी चालू सर्टिफिकेट मागतात, तिथे अडतं. आणि रेसिडेन्सीचा प्रमुख व्हायचं असेल तर बोर्ड सर्टिफिकेट ही अटच आहे.

## ‘हा सगळा पैशाचा खेळ आहे’

हा आक्षेप हवेतला नाही. मोठ्यांच्या वैद्यकशास्त्रात यावर खूप वाद झाला. इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने २०१४ मध्ये नूतनीकरणाच्या अटी वाढवल्या तेव्हा डॉक्टरांनी एवढा विरोध केला, की २०१५ च्या फेब्रुवारीत बोर्डाने आपलं चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि काही अटी थांबवल्या. त्याच वर्षी नूतनीकरणासाठी वेगळं, सोपं बोर्डही निघालं. पुढे प्रकरण कोर्टातही गेलं. शुल्क, वेळ आणि रोजच्या कामाशी संबंध नसलेले प्रश्न या तक्रारींत तथ्य होतं, आणि तिमाही प्रश्नांची पद्धत बऱ्याच अंशी त्यातूनच आली.

पण त्यातून नूतनीकरणच नको असा निष्कर्ष काढला, तर वर सांगितलेले बदल डॉक्टरांपर्यंत पोचल्याची खात्री दुसऱ्या कुठल्या मार्गाने करायची? औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या भरवशावर ते सोडता येत नाही. पद्धत वाईट असेल तर ती सुधारायला हवी, आणि ती सुधारते आहे.

## ‘तीस वर्षांच्या अनुभवापुढे परीक्षा कसली?’

रडणाऱ्या मुलाला खुर्चीवर कसं बसवायचं, सुई त्याच्या नजरेआड कशी ठेवायची, आईला कुठे उभं करायचं हे अनुभवच शिकवतो. कुठलीही संगणकीय परीक्षा ते मोजू शकत नाही. पण क्लिंडामायसिन यादीतून गेलं हे अनुभवाने कळत नाही. दुर्मीळ धोका एका डॉक्टरला आयुष्यात कदाचित एकदाही दिसत नाही. तो लाखो रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्यावरच दिसतो. ‘मी वर्षानुवर्षं हेच देतोय, कुणाला काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. बोर्ड नसलेले उत्तम बालदंततज्ज्ञ पुष्कळ आहेत, विशेषतः लहान गावांत. साधं फिलिंग, दातांची सफाई, फ्लोराइड यासाठी जवळचे भरवशाचे डॉक्टर सोडून चाळीस मैल जायची गरज नाही. मूल खूप लहान असेल, त्याला मोठा आजार असेल किंवा गुंगी द्यायची वेळ आली असेल, तेव्हा मात्र ही चौकशी जरूर करावी.

## भारतात काय आहे, आणि तिकडे जाणाऱ्यांनी काय समजून घ्यावं

आपल्याकडे बीडीएसनंतर तीन वर्षांची एमडीएस केली की बालदंततज्ज्ञ होता येतं. नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे असते, महाराष्ट्रात ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. नोंदणी ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण लागतात. म्हणजे अमेरिकेतल्या चार भागांपैकी पहिले दोन आपल्याकडे कुठल्या तरी रूपात आहेत. तज्ज्ञ म्हणून मिळालेल्या पदवीला मात्र मुदत नाही, आणि स्वतःच्या कामाची मोजणी कायद्याने कुणी मागत नाही. दंतवैद्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला. या नव्या चौकटीत चौथ्या भागासारखं काही यावं असं मनापासून वाटतं. वीस केसपेपर काढून मोजायला ना परदेशी बोर्ड लागतं, ना शुल्क. नागपूरच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयातला विभाग ते उद्यापासून सुरू करू शकतो.

भारतातून एमडीएस करून अमेरिकेत जाणाऱ्यांची एक निराशा आधीच टाळता येईल. तिथल्या बोर्डाची परीक्षा देण्यासाठी अमेरिका किंवा कॅनडातली मान्यताप्राप्त रेसिडेन्सी लागते. इथली एमडीएस त्याजागी धरली जात नाही. एमडीएसमुळे रेसिडेन्सीच्या अर्जाला वजन येतं, हे खरं. पण परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यं आधी दोन-तीन वर्षांची अमेरिकी पदवी मागतात, काही रेसिडेन्सीवर भागवतात. म्हणून आधी राज्य ठरवावं आणि मग अभ्यासक्रम, उलट क्रमाने नव्हे.

## पालकांनी तपासायचं कसं

सर्टिफिकेटची भिंतीवरची फ्रेम पाहून काही कळत नाही, तिच्यावर मिळाल्याची तारीख असते. बोर्डाच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव शोधता येतं, तिथे आजची स्थिती दिसते. दुसरी खिडकी राज्याच्या डेंटल बोर्डाची. तिथे परवाना चालू आहे का आणि कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे पाहता येतं. दोन्ही फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं. भारतात राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. चिठ्ठीवर तो बहुधा छापलेलाच असतो.

गुंगी किंवा भूल देणार असतील तर सर्टिफिकेटवर थांबू नका. भूल देण्याची राज्याची परवानगी वेगळी असते. बालरोगतज्ज्ञांची ॲकॅडमी आणि बालदंततज्ज्ञांची ॲकॅडमी यांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे, की दवाखान्यात गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल देताना उपचार करणाऱ्या डेंटिस्टखेरीज भूल देणारी आणि फक्त मुलावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हवी, आणि दोघांकडेही मुलांच्या जीवरक्षणाचं चालू प्रशिक्षण हवं. म्हणून थेट विचारा: लक्ष कोण ठेवणार? त्यांना त्या वेळी दुसरं काही काम असेल का? ऑक्सिजनबरोबर श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडही मोजणार का? आज वजन किलोत घेतलं का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

उपाशी ठेवण्याच्या वेळा लिहून घ्या: पाणी किंवा गाळीव रस दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, डब्याचं दूध किंवा हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट असेल तर त्याहूनही जास्त. सकाळी आजीने मायेने अर्धं बिस्किट भरवलं असेल तर ते लपवू नका. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, आणि त्यांनी ती ढकलायलाच हवी.